‘द व्हॅले’ आणि दोन भाषांचा संसार : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘द व्हॅले’ या चित्रपटावरील माझ्या लेखावर आपण लिहिलेली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. आपले मुख्य आक्षेप तीन आहेत. चित्रपट अर्धा इंग्रजीत आणि अर्धा स्पॅनिशमध्ये असल्यामुळे पाहणाऱ्याचे निम्मे लक्ष खालच्या भाषांतराच्या ओळी (सबटायटल्स) वाचण्यात जाते, तेव्हा तो सरळ एकाच भाषेत डब केलेला बरा होता, हा पहिला. मेक्सिकन कुटुंबाचे चित्रण ठरीव साच्यातले आहे, हा दुसरा. आणि नायक-नायिकेचे लग्न सोडाच, प्रेमही जुळत नसेल तर याला प्रेमविनोदी चित्रपट कोणत्या तोंडाने म्हणायचे, हा तिसरा. शिवाय जाता जाता आपण लांबीबद्दलही कुरकुर केली आहे. उत्तर देताना शेवट उघड करणे भाग आहे, म्हणून ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी पुढचे जपून वाचावे.

मे २०२२ मध्ये हुलू या अमेरिकन ओटीटी मंचावर आलेल्या या चित्रपटाचे कथासूत्र थोडक्यात असे. ऑलिव्हिया (समारा वीव्हिंग) ही हॉलिवूडची तारका एका विवाहित धनाढ्याच्या प्रेमात आहे. दोघांचे छायाचित्र टिपले जाते, आणि सायकलवरून चाललेला अँटोनियो नेमका त्याच क्षणी तिथे धडपडल्यामुळे तोही त्या चित्रात सापडतो. बेव्हर्ली हिल्समधल्या एका उपाहारगृहात पाहुण्यांच्या गाड्या लावण्याचे काम करणारा, म्हणजेच ‘व्हॅले’ असलेला, हा माणूसच तिचा प्रियकर आहे, अशी बतावणी मग सुरू होते. अँटोनियोची भूमिका मेक्सिकोचे विनोदी अभिनेते युहेनियो देर्बेस यांनी केली आहे. मूळ कथा फ्रान्सिस वेबेर यांच्या २००६ सालच्या फ्रेंच चित्रपटाची आहे. तिच्यावरच डेव्हिड धवन यांनी २००९ मध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ काढला होता आणि त्यात या बतावणीत ओढल्या जाणाऱ्या सामान्य माणसाचे काम आपल्या रितेश देशमुखने केले होते. म्हणजे कथा आपल्याला अगदीच परकी नाही.

आता भाषेचा मुद्दा, ज्यावर आपले आणि माझे सर्वांत जास्त वाजले आहे. फ्रेंच मूळ चित्रपटात गाडी लावणारा आणि गाडीचा मालक हे दोघेही एकच भाषा बोलतात. त्यांच्यातले अंतर फक्त पैशाचे आहे. अमेरिकन आवृत्तीने त्यात भाषेचे अंतर मिळवले, आणि माझ्या मते या रूपांतराने स्वतःची म्हणून जी एक गोष्ट केली ती हीच. कामावरचा अँटोनियो पाहा. मोडक्यातोडक्या, अदबशीर इंग्रजीत तो चार शब्द बोलतो. गिऱ्हाईक त्याच्याकडे न पाहताच किल्ली पुढे करते. तोच माणूस घरी आईशी स्पॅनिशमध्ये बोलू लागला की चिडतो, टोमणे मारतो, लाडात येतो, कधी खोटेही बोलतो. त्याला आवाज फुटतो तो तिथे. पुढे ऑलिव्हिया त्या घरात येते तेव्हा पारडे फिरते. जिच्या एका शब्दासाठी वार्ताहर ताटकळत असतात, तिला तिथे आजूबाजूला काय चालले आहे हेच कळत नाही आणि घरातल्यांच्या तोंडाकडे बघत बसावे लागते. आपण म्हणता तसे सगळे संवाद एका भाषेत आणले असते, तर हा उलटफेर ऐकूच आला नसता. उरली असती ती नुसती श्रीमंत-गरिबाची गोष्ट, आणि ती फ्रेंच चित्रपटात अधिक नेटकी सांगून झालेली आहे.

याच ओघात अँटोनियोची आई सेसिलिया आणि कोरियन घरमालक मिस्टर किम यांचे प्रकरण येते. ती स्पॅनिश बोलणारी, तो कोरियन बोलणारा, आणि एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही. उतारवयातल्या या दोघांचे मात्र छान जमलेले आहे, आणि त्यांना कसे जमते हा प्रश्न पडतो तो आजूबाजूच्यांना. हे सारे हिंदीत डब झाल्यावर दोघे एकमेकांना काय समजावून सांगणार होते? कार्मेन सालिनास यांनी ही आई अशा काही ठसक्याने उभी केली आहे की ती पडद्यावर असताना देर्बेसकडेही लक्ष जात नाही. मेक्सिकोच्या रंगभूमीवर आणि दूरचित्रवाणी मालिकांत हयात घालवलेल्या या अभिनेत्रीचे डिसेंबर २०२१ मध्ये, चित्रपट लोकांसमोर येण्याआधीच निधन झाले. कथेतही सेसिलियाचा मृत्यू आहे, त्यामुळे तो भाग पाहणे जड जाते.

दुभाषिक संवाद आपल्या प्रेक्षकाला झेपत नाहीत, हे आपले विधान मला पटत नाही. १९८१ च्या ‘एक दूजे के लिए’मध्ये गोव्यात शेजारी राहणारी दोन कुटुंबे होती, एक तमिळ आणि एक हिंदी बोलणारे. तमिळ बोलण्याचे अर्थ हावभावांवरून लावत लोकांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला, आणि खाली ओळी नव्हत्या म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागितल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

तरीही खालच्या ओळींमुळे विनोद निसटतो या तक्रारीत तथ्य आहे, फक्त तिचे कारण आपण म्हणता ते नाही. पडद्यावर एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी मावतात आणि एका ओळीत चाळीसएक अक्षरे. वाक्य सुरू होताच ते पूर्ण दिसते, त्यामुळे वाचणारा शेवटच्या शब्दापर्यंत आधी पोहोचतो आणि नट तिथे पोहोचेपर्यंत हसून मोकळा होतो. सेसिलियाच्या शिव्याशापांचे तर लिहिताना निम्मे पाणी झाले आहे. पण डबिंगमध्ये तिचा मूळ आवाजच गेला असता. माझ्यापुरते सांगायचे तर मी ओळी पत्करीन.

साचेबंद चित्रणाबद्दल आपल्याशी अर्धवट सहमत आहे. गजबजलेले घर, एकाच वेळी बोलणारी दहा माणसे, सर्वांच्या भानगडीत नाक खुपसणारी आई, हा माल जुनाच आहे. मात्र हा चित्रपट कोणासाठी आहे हेही पाहायला हवे. अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणाऱ्यांची संख्या चार कोटींहून अधिक आहे, आणि देर्बेस यांनी आपला प्रेक्षक त्यांच्यातच शोधला. त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या २०१३ सालच्या स्पॅनिश चित्रपटाने एकट्या अमेरिकेत ४ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक कमाई केली. २०१८ च्या ‘ओव्हरबोर्ड’ या त्यांच्या दुभाषिक प्रेमविनोदी चित्रपटाला समीक्षकांनी झोडपले, तरी त्याने जगभरात सुमारे ९ कोटी डॉलर मिळवले. ‘ओव्हरबोर्ड’ लिहिणारी बॉब फिशर आणि रॉब ग्रीनबर्ग ही जोडीच ‘द व्हॅले’चीही लेखक आहे. स्वतःच्या घरातला गोंगाट पडद्यावर पाहून हसणारा प्रेक्षक आणि बाहेरून तोच गोंगाट पाहून ‘हे लोक असेच’ म्हणणारा प्रेक्षक यांत फरक करायला हवा. आपल्याकडे मराठी प्रेक्षक पडद्यावरच्या खाष्ट सासूला हसतो तेव्हा आपण त्याला मराठीद्वेष्टा म्हणत नाही. हिंदी चित्रपटातली मराठी मोलकरीण मात्र आपल्याला खुपते, आणि ते रास्तच आहे.

शेवटाविषयी. अँटोनियोला परत हवी आहे ती त्याच्यापासून वेगळी राहणारी बायको, आणि ऑलिव्हियाला हवा आहे तो धनाढ्य. चित्रपटभर दोघेही चुकीच्या माणसासाठी झुरत असतात. ती दोघे एकमेकांच्या गळ्यात पडली असती तर मी उठून गेलो असतो. फ्रेंच चित्रपटातला नायकही तारकेच्या नव्हे, तर पुस्तकांचे दुकान चालवणाऱ्या आपल्या जुन्या मैत्रिणीच्या प्रेमात असतो, तेव्हा ही खोड मुळातलीच आहे. प्रेमविनोद म्हणून पाहायचा तर तो सेसिलिया आणि मिस्टर किम यांचा आहे, आणि त्या दोघांचे प्रेम खरेच आहे.

राहता राहिली लांबी. फ्रेंच चित्रपट दीड तासाच्या आत आटोपतो, हा दोन तासांच्या पुढे जातो. वाढलेला बराचसा वेळ अँटोनियोच्या घराला मिळाला आहे आणि त्यातला एक मिनिटही मला जड झाला नाही. मात्र अँटोनियो आणि ऑलिव्हिया यांच्यावर पाळत ठेवणाऱ्या गुप्तहेरांची जोडी आणि त्यांचे रुसवेफुगवे यांवर कात्री चालवायला हवी होती, आणि तेवढ्यापुरती आपली कुरकुर मला पूर्ण मान्य आहे.