कंपनी फिटेड

आमच्या गाडीला धडक बसली ती उसाच्या ट्रॉलीची, आणि तीही उलटी येणाऱ्या. जानेवारीचा महिना, गळीत हंगाम भरात, अंकली पुलाच्या अलीकडं वाहनांची रांग. माझ्यापुढं ट्रॅक्टर, त्याच्या मागं दोन ट्रॉल्या आणि ट्रॉल्यांवर उसाचा डोंगर. चढाला ट्रॅक्टरनं जरा दम घेतला आणि तो डोंगर सावकाश माझ्याकडं यायला लागला. मी हॉर्न दाबून धरला, पण ट्रॅक्टरवरच्या गाण्यापुढं तो बिचारा चिमणीसारखा चिवचिवला. रिव्हर्स टाकला, तर स्क्रीनवर मागची एसटी इतकी स्वच्छ दिसली की तिच्या जाळीच्या पट्ट्या मोजता आल्या असत्या. साडेतीन हजारांचा कॅमेरा त्या क्षणी वसूल झाला. डावीकडं घेतली, तर चाक दगडावर आदळलं आणि पाठोपाठ समोरून ट्रॉली आली.

ट्रॅक्टरवाला उतरला. गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "सायेब, मागचं काय दिसतंय व्हय आमास्नी?" म्हणाला, आणि ट्रॉलीतून दोन ऊस ओढून काढून माझ्या हातात दिले. "पोरास्नी द्या." त्या अपघातात मला विनाअट आणि जागेवर मिळालेली भरपाई तेवढीच.

आता थोडं मागं जायला हवं. गाडी घेताना शोरूममध्ये दोन मॉडेल होती. टॉप मॉडेलला कंपनीकडूनच अलॉय व्हील, टचस्क्रीन, कॅमेरा, फॉग लॅम्प सगळं होतं, आणि ते नव्वद हजारांनी महाग होतं. माझा मेव्हणा सोबत होता. तो गाड्यांमधला जाणकार आहे, म्हणजे त्याच्याकडं गाडी नाही. "दाजी, टॉप मॉडेल घेणारी माणसं येडी," त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं. "साधी घ्या. बाकीचं बाहेरनं बसवू."

बसवलं. टचस्क्रीन अठरा हजार, कॅमेरा साडेतीन, फॉग लॅम्प साडेचार, चार अलॉय बत्तीस हजार आणि पुढं नऊ हजारांचं स्टीलचं बुलगार्ड. एकूण सदुसष्ट. म्हणजे तेवीस हजार वाचले, वर बुलगार्ड मिळालं, जे टॉप मॉडेलवाल्याच्या नशिबात नव्हतं. दुकानदारानं विचारलं, "पक्कं बिल करू का? जीएसटी लागंल." मेव्हण्यानं माझ्या वतीनं नाही म्हटलं. मग एका कॅलेंडरच्या पाठीमागं पेनानं लिहून मिळालं : 'चाक ४, लाइट २, टीव्ही १, ओके.' निघताना मेव्हण्यानं डॅशबोर्डवर गणपती बसवला. त्याच्या प्रभावळीत निळे एलईडी आहेत. काळी फिल्म मात्र मी लावू दिली नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच ती बंद केलेली आहे आणि मी कायदा पाळणारा माणूस आहे.

विम्याचं काम एजंटनं फोनवरच उरकलं. मी फक्त "ओटीपी सांगा" याचं उत्तर दिलं. दुसऱ्या वर्षाचं नूतनीकरणही एका ओटीपीत झालं. फॉर्ममध्ये 'गाडीत काही बदल किंवा जादा साहित्य आहे का' असा प्रश्न असतो आणि त्यापुढं माझ्या नावानं 'नाही' अशी खूण पडली आहे, हे मला अपघातानंतर नुकसान बघायला आलेल्या विमा कंपनीच्या सर्व्हेअरकडून कळलं.

सर्व्हेअर अगदी सज्जन माणूस होता. गाडीपुढं उकिडवा बसला, मोबाइलवर फोटो काढत एकेका वस्तूवर बोट ठेवू लागला.

"हे अलॉय कंपनी फिटेड आहेत का?"

"नाही, पण चांगल्या कंपनीचे आहेत."

"फॉग लॅम्प?"

"तेही... दुकानातले."

पुढं माझा आवाज, तोंडी परीक्षेत दुसऱ्या प्रश्नापासून मुलाचा होतो तसा होत गेला. मग त्यानं शांतपणे समजावलं. विमा गाडीच्या आयडीव्हीवर असतो. आयडीव्ही म्हणजे त्या मॉडेलची कंपनीनं जाहीर केलेली किंमत, वजा वयाची घट. पहिलं वर्ष उलटलं की वीस टक्के जातात, दुसरं उलटलं की तीस. टॉप मॉडेलला जे कारखान्यातून येतं ते त्या किमतीतच धरलेलं, त्यामुळं आपोआप विम्यात. बाहेरून बसवलेलं मात्र वेगळं लिहून, किंमत सांगून, जादा हप्ता भरून घ्यावं लागतं. इलेक्ट्रिकल वेगळं, बिगर-इलेक्ट्रिकल वेगळं.

मी शेतकऱ्याचा मुलगा, मला लगेच समजलं. हा सातबारा आहे. बांधावरचं आंब्याचं झाड आज्यानं लावलं, बापानं पाणी घातलं, आम्ही त्याच्यावर चढून पडलो; पण उताऱ्यावर नोंद नसली तर मोजणीच्या दिवशी ते कुणाचंच नसतं. माझी अलॉय व्हील तशी बांधावरची निघाली.

"आणि हे नोंदवायला किती लागलं असतं?" मी विचारलं. विचारायला नको होतं. जुन्या मोटार टॅरिफपासून, म्हणजे विम्याच्या ठरलेल्या दरपत्रकापासून, इलेक्ट्रिकल साहित्याचा दर शेकडा चार रुपये चालत आलाय. सव्वीस हजारांचं साहित्य, म्हणजे वर्षाला एक हजार चाळीस, वर जीएसटी. तेवढ्याचे तर आम्ही शोरूममधून परतताना ढाब्यावर मटण खाल्लं होतं. मेव्हण्यानं, मुख्यतः.

बुलगार्डपाशी सर्व्हेअर जरा जास्त वेळ थांबला. मला वाटलं, कौतुक करतोय. "हे तर चालतच नाही सर," तो म्हणाला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि २०१७ च्या डिसेंबरात केंद्राच्या वाहतूक मंत्रालयानं क्रॅश गार्ड, बुलबार त्या कलमाविरुद्ध आहेत असं सगळ्या राज्यांना कळवलेलं. त्यात त्याचं काम उलटंच. बंपर चेपून धक्का पोटात घेतो. गार्ड चेपत नाही, सगळा धक्का सरळ सांगाड्याला पोचवतो. आमचा ब्रॅकेट तसाच वाकला होता. म्हणजे नऊ हजार देऊन मी गाडीला जो अंगरक्षक ठेवला, त्यानं आलेला प्रत्येक पाहुणा थेट माजघरात आणून सोडला.

गॅरेजचा अंदाज अठ्ठावन्न हजारांचा होता. अलॉय, लॅम्प, गार्ड बाद. ब्रॅकेट गार्डच्या पापानं बाद. बंपर आणि हेडलॅम्प प्लास्टिकचे, त्याला निम्मी घट, कारण झिरो डेप, म्हणजे ही घट कापू न देणारं जादा कव्हर, घ्यायचं नाही हा काटकसरीचा निर्णय माझा स्वतःचा. पत्र्याला दहा टक्के. रंगाच्या मालाला निम्मे. शेवटी सक्तीचे एक हजार, ते दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीवाल्या सगळ्यांचेच जातात. हातात आले तेवीस हजार सातशे. खिशातून गेले चौतीस हजार तीनशे. शिवाय क्लेम घेतला म्हणून पहिल्या वर्षीचा, हप्त्यात सूट देणारा, वीस टक्क्यांचा नो क्लेम बोनसही गेला. टॉप मॉडेल घेणाऱ्या येड्यांपैकी एक आमच्या शेजारीच राहतात. ते त्या आठवड्यात मला रोज नमस्कार करायचे.

बाहेरनं बसवायचं त्यांचंही एकदा झालंय म्हणा. आधीच्या गाडीला त्यांनी बाहेरून सीएनजी किट बसवलं होतं. आरसीवर आरटीओची नोंद, पॉलिसीत किटच्या किमतीवर चार टक्के आणि थर्ड पार्टीसाठी साठ रुपये. यातलं सगळं त्यांनी केलं, फक्त साठ रुपयांवरून एजंटशी तीन दिवस भांडले.

यंदा नूतनीकरणाला फॉर्म बायकोनं हातात घेतला. बुलगार्ड काढून परसात उभं केलंय, त्यावर कारल्याचा वेल छान चढलाय. बाकीच्या वस्तूंसाठी दुकानदाराला गाठून, जीएसटी भरून, पक्की बिलं केली. ती एकेक वस्तू वाचायची, एजंट फोनवरून लिहून घ्यायचा.

"अजून काही राहिलंय का वहिनी?"

"डॅशबोर्डवर गणपती आहे."

"दिवा लागतो का त्याला?"

"निळा."

"मग इलेक्ट्रिकलमध्ये जाईल. किंमत सांगा, आणि पक्कं बिल लागेल."

मी मेव्हण्याला फोन लावला.

"त्याचं कुठलं बिल, दाजी?" तो म्हणाला. "तो बुलगार्डवर फ्री होता."