धाक, दंड आणि डाउनलोड : साताऱ्याच्या एका ग्रंथविक्रेत्या वाचकांस उत्तर

सप्रेम नमस्कार.

चित्रपट आणि पुस्तके फुकट उतरवून घेणाऱ्यांना सरकार किती धाक घालू शकते, या विषयावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि रागाने लिहिलेत, याबद्दल प्रथम आभार मानतो. रागावलेला वाचक लेख शेवटपर्यंत वाचतो, असा माझा अनुभव आहे. आपले म्हणणे मला समजले ते असे : डाउनलोड करणारा गुन्हेगारच नाही, असे लिहून मी चोरांना अभय दिले. सरकार सूचना आणि जाहिराती यांपलीकडे जात नाही आणि दहा-वीस घरांत दंडाच्या नोटिसा गेल्या तर हा प्रकार थांबेल, हे मी लिहायचे टाळले. शेवटी, निवृत्तिवेतनावर सांगलीत बसून लिहिणाऱ्याला साताऱ्यात पुस्तकांच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याचे दुःख कळणार नाही.

पहिल्या मुद्द्यावर आपण मला बरोबर पकडले आहे. 'पाहणारा आणि उतरवून घेणारा गुन्हेगार नव्हे' असे मी एका दमात लिहून गेलो, परंतु कायद्याच्या दृष्टीने या दोन क्रिया एक नाहीत. माझ्या डोक्यात २०१६ सालचे प्रकरण होते. त्या वर्षी न्यायालयाच्या आदेशाने अडवलेल्या संकेतस्थळांवर गेले की पडद्यावर एक सूचना झळकत असे, आणि तीत हा मजकूर पाहणे, उतरवून घेणे, प्रदर्शित करणे किंवा त्याची नक्कल करणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असे बजावलेले असे. मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी ऑगस्ट २०१६ मध्ये स्पष्ट केले की नुसते पाहणे हा गुन्हा नसून परवानगीशिवाय वितरण करणे, जाहीर प्रदर्शन करणे, विकणे किंवा भाड्याने देणे हा गुन्हा आहे, आणि त्यांनी सूचनेचा मजकूर बदलायला लावला. गंमत अशी की कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये दंडाची कमाल मर्यादा दोन लाखांची आहे; सूचना लिहिणाऱ्याने आणखी एक लाख कोठून आणले, हे त्यालाच ठाऊक.

तथापि, उतरवून घेणे म्हणजे प्रत तयार करणे होय, आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण्यालाही कायदा पुनरुत्पादनच मानतो. खासगी वापरासाठी आणि अभ्यासासाठी कलम ५२ मध्ये सवलत आहे, पण तिच्या आडोशाने अख्खा चित्रपट किंवा अख्खी कादंबरी घेता येते असे खात्रीने सांगणे धाडसाचे ठरेल. संगणकाच्या सॉफ्टवेअरला तर ही सवलत लागूच नाही. बेकायदा प्रत आहे हे माहीत असताना ती संगणकावर वापरणे हा कलम ६३-ब खाली स्वतंत्र गुन्हा आहे. (लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करून देणाऱ्या दुकानांतील सॉफ्टवेअर विकत घेतलेले असते का, हे विचारण्याचे धाडस मी अद्याप केलेले नाही.) तेव्हा माझे ते वाक्य चुकीचे होते आणि ते मी मागे घेतो.

मात्र त्या वाक्यामागचा मुद्दा मागे घेत नाही. नोकरीची तीस वर्षे मी पाटबंधाऱ्याच्या एका कचेरीत काढली आणि त्यांतली निम्मी नोटिसा काढण्यात गेली. कालव्याच्या भरावावरून रात्री रबरी पाइप टाकून विनापरवाना पाणी उपसणाऱ्या शेतकऱ्याचा पंचनामा होई, दंडनीय दराने आकारणी होई, आणि पुढच्या हंगामात तोच पाइप त्याच जागी दिसे. एका कारकुनाने नोटिशीच्या तळाला 'अन्यथा फौजदारी करण्यात येईल' अशी ओळ कोणतेही कलम न पाहता स्वतःच्या मनाने जोडली. त्यावर दोन शेतकरी वकील घेऊन आले, आणि त्यानंतर आमच्या खऱ्या नोटिसांनाही गावात कोणी विचारीनासे झाले. ज्या वर्षी कालव्याच्या पाण्याची पाळी वेळेवर सुटली आणि नमुना ७ चे, म्हणजे पाणीमागणीचे, अर्ज पाणी सुटण्याआधी मंजूर झाले, त्या वर्षी पाइप कमी दिसले. सगळे गेले असे म्हणत नाही. काही जण सवयीने चोरी करतात. त्या सूचनेतील तीन लाखांचा आकडा वाचला तेव्हा मला तो कारकून आठवला.

आता 'सरकार काही करत नाही' याबद्दल. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितले. महाराष्ट्राने २००९ मध्ये झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले यांच्यासाठी असलेल्या स्थानबद्धतेच्या कायद्यात 'व्हिडिओ पायरेट' हा शब्द घातला, म्हणजे चोरट्या सीडी विकणाऱ्याला वर्षभर स्थानबद्ध ठेवण्याची सोय केली. केंद्राने २०२३ मध्ये चलच्चित्र कायदा दुरुस्त करून चित्रपटगृहात चोरून चित्रण करणे आणि अशी प्रत पसरवणे यासाठी तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठेवला. दोन कोटींच्या मराठी चित्रपटाला हा दंड दहा लाखांपर्यंत जातो. त्याच वर्षी नोव्हेंबरात अधिकारी नेमले गेले, जे तक्रार आल्यावर ४८ तासांत चोरटी प्रत काढायला लावू शकतात. कायद्याला दात नाहीत, असे म्हणता येणार नाही.

आपली खरी मागणी घरोघरी दंडाची आहे, आणि ती आपली एकट्याची नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये चोरट्या संकेतस्थळांच्या नव्या-नव्या प्रतिकृतीही अडवता येतील असा आदेश दिला, तेव्हाच पाहणाऱ्यांना आधी इशारा द्यावा आणि त्यांनी न ऐकल्यास दंड करावा, असे धोरण आखता येते का हे सरकारने तपासावे, अशी शिफारसही केली होती. फ्रान्सने हे २००९ पासून करून पाहिले आहे. तिथे पहिला इशारा ईमेलने, दुसरा नोंदणीकृत पत्राने आणि त्यानंतर न्यायालयामार्फत घराचे इंटरनेट तोडणे, अशी पायरी होती. लाखो ईमेल गेले, टॉरेंट (लोकांनी आपापल्या संगणकांवरून एकमेकांना फाइल देण्याची पद्धत) वापरणारे पाळतीखाली आले, पण थेट पाहण्याच्या संकेतस्थळांवर ती पाळत पोचत नव्हती आणि लोक तिकडे वळले. इंटरनेट तोडण्याची शिक्षा २०१३ मध्ये रद्द झाली.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. मोबाइल कंपन्या आणि लहान इंटरनेट पुरवठादार एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरील जोडणीचा ओळख-क्रमांक) एका वेळी अनेक ग्राहकांना वाटतात, त्यामुळे पत्त्यावरून घर शोधणे सोपे नसते. आणि घर सापडले तरी माणूस सापडेलच असे नाही. माझ्या घरचे वायफाय वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी अभियांत्रिकीची चार मुले वापरतात. नोटीस आली तर ती माझ्या नावावर येईल, आणि मी कोणता चित्रपट चोरला हे मला त्या मुलांनाच विचारावे लागेल.

धाकाने न झालेले काम कशाने झाले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी सांगलीत बसस्थानकाच्या परिसरात मोबाइलच्या दुकानांवर 'मेमरी कार्ड भरून मिळेल' अशा पाट्या असत. माझ्या वडिलांसाठी अभंग आणि कीर्तने हवी होती म्हणून मीही एकदा तशा दुकानात गेलो होतो. मुलाने कार्ड संगणकाला जोडले, 'भक्ती', 'लावणी', 'डीजे', 'नवीन पिक्चर' असे फोल्डर दाखवले, वीस रुपये घेतले आणि वर स्वतःच्या मनाने दोन चित्रपटही टाकून दिले. वडिलांनी त्यातला एक पूर्ण पाहिला, हे त्यांनी मला पुढे बऱ्याच दिवसांनी सांगितले. स्थानबद्धतेची तरतूद तेव्हाही कायद्याच्या पुस्तकात होतीच. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, गाणी फोनवर थेट आणि अधिकृतपणे ऐकू येऊ लागली, आणि त्या पाट्या कोणी न उतरवता उतरल्या. चित्रपटांची चोरी त्याने संपली नाही, टेलिग्रामवर गेली, हे मला मान्य आहे. परंतु गाण्यांची ती बाजारपेठ पोलिसांमुळे बंद पडली नाही.

पुस्तकांच्या बाबतीत मात्र आपला राग मला पटतो, आणि मूळ लेखात पुस्तकांना दोनच ओळी दिल्या हा माझा दोष आहे. २०२३ ची दुरुस्ती फक्त चित्रपटांसाठी आहे. पुस्तकासाठी ४८ तासांत धावून येणारा अधिकारी नाही. आमच्या एका वाचकगटावर मागच्या महिन्यात सध्या विक्रीत असलेल्या एका कादंबरीची पीडीएफ आली. प्रत्येक डाव्या पानावर कोपऱ्यात पान दाबून धरणाऱ्याचा अंगठा दिसत होता आणि पहिल्या पानावर कोणत्या तरी ग्रंथालयाचा जांभळा शिक्का होता. पाठवणाऱ्याने खाली 'साभार' असे लिहिले होते, आणि ते कोणाचे आभार होते हे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही.

तरीही 'पीडीएफ म्हणजे चोरी' हे आपले सरसकट विधान बरोबर नाही. लेखकाच्या निधनानंतर, पुढील कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे हक्क टिकतो. सांगलीत जन्मलेल्या दोन लेखकांचे उदाहरण घ्या. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये गेले, म्हणून त्यांची नाटके कोणीही छापू आणि वाटू शकतो. वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या लेखनावरील हक्क २०३६ अखेरपर्यंत आहे. आपल्याच जिल्ह्यात वाईला तयार झालेले मराठी विश्वकोशाचे खंड तर राज्य सरकारने स्वतःच इंटरनेटवर सर्वांसाठी खुले केले आहेत. इथे सरकारने चोरीला वावच ठेवला नाही, आणि धोरण म्हणून मला हे पडद्यावरच्या त्या इशाऱ्यापेक्षा अधिक पटते. विकाऊ पुस्तकांबाबत हा मार्ग चालणार नाही, हे मी जाणतो. आपल्याला पोट आहे.

निवृत्तिवेतनाच्या टोमण्याला उत्तर देत नाही, कारण तो खरा आहे.

आपण ज्या स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकाचे वितरण करता, ते टेलिग्रामच्या एका वाहिनीवर फिरत असल्याचे आपण लिहिले आहे, तेव्हा त्यापुरते सांगतो. तक्रार हक्कधारकाने, म्हणजे लेखकाने किंवा प्रकाशकाने, लेखी करायची असते. वितरक म्हणून आपली तक्रार अपुरी पडेल. कॉपीराइट नियम २०१३ च्या नियम ७५ प्रमाणे तीत पुस्तकाचे वर्णन, तक्रारदाराच्या हक्काचा पुरावा आणि त्या मजकुराचे नेमके ठिकाण द्यावे लागते, आणि मध्यस्थाने, म्हणजे इथे टेलिग्रामने, ३६ तासांत तो थांबवावा अशी तरतूद आहे. परंतु २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश दाखवला नाही तर तो पुन्हा खुला होऊ शकतो. बहुतेक छोटे प्रकाशक याच टप्प्यावर गप्प बसतात, कारण त्यांना वाटते की दावा मुंबईत किंवा दिल्लीत लावावा लागेल. कलम ६२ प्रमाणे हक्कधारक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा न्यायालयातही दावा लावता येतो. म्हणजे प्रकाशक साताऱ्याचा असेल तर साताऱ्यातच. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशाच परीक्षांच्या साहित्याबाबत टेलिग्रामला वाहिन्या चालवणाऱ्यांची माहिती द्यायला लावली, आणि टेलिग्रामने नावे व दूरध्वनी क्रमांक न्यायालयात सादर केले. तो निकाल वकिलांच्या हाती द्यावा. वाहिनीच्या पडद्याची छायाचित्रे तारीख-वेळेसह आजच काढून ठेवा, कारण नोटीस गेल्यावर वाहिनीचे नाव बदलते.

मूळ लेखातील ते चुकीचे वाक्य आज दुरुस्त केले असून, दुरुस्ती कोणाच्या प्रतिक्रियेमुळे झाली हे तिथे लिहिले आहे.

आपला,
लेखक, सांगली