बदामी म्हणजे गरीब गाय नव्हे

लग्नपत्रिका असो, दिवाळी अंक असो की घरगुती मसाल्यांची वेबसाइट, "जरा शांत, साधं हवं" असं म्हटलं की मागे बदामी ओतून मोकळं व्हायचं, ही सध्याची रीत. रंग सुंदरच आहे. पण तो कशावरही, कशाखालीही चालतो हा समज मला पटत नाही.

वेबवरचा 'टॅन', म्हणजे हाच बदामी, लाल २१०, हिरवा १८०, निळा १४० (प्रत्येकी २५५ पैकी). त्यावर पांढरी अक्षरं टाकली तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागच्या रंगाच्या उजळपणातला फरक, जेमतेम २:१ भरतो. चालू मजकुराला किमान ४.५:१ लागतो. काळ्याला १०.६ मिळतो. काळा टोचत असेल तर गडद कॉफी (७४, ५२, ३६) घ्या, ५.९ पर्यंत जातो. मधला तपकिरी (१३९, ९४, ६०) नकोच, तो २.८ वरच अडकतो. आणि 'टोन-ऑन-टोन'च्या (एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटा एकमेकींवर) नादात नेमका तोच वापरला जातो! शेजारी शुद्ध राखाडी चौकट ठेवली तर ती निळसर दिसते. राखाडीतच थोडा तपकिरी मिसळा.

छपाईत हा रंग जास्त छळतो. आरजीबीवरून (पडद्याचे लाल-हिरवा-निळा) आपोआप सीएमवायके (छपाईच्या चार शाया: सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा) केलं की त्यात सायन, म्हणजे आकाशी निळी शाई, शिरतो. मग मशीनवर सायन जरा चढला की बदामी हिरवट, उतरला की गुलाबी. म्हणून सायन शून्यच ठेवा: मॅजेंटा (गडद गुलाबी) १५ टक्के, पिवळा ३५, काळा १५ ते १८. काळ्याचे ठिपके जवळून किंचित दिसतील, ते परवडतं. मोठ्या सपाट पट्ट्यात तेही नको असतील, तर सरळ स्पॉट शाई, म्हणजे त्याच रंगाची आधीच मिसळलेली एक शाई. नॅचरल शेड मॅप्लिथो या बिनचकचकीत कागदावर छापताना कागद स्वतःच पिवळा असतो आणि शाईचा ठिपकाही पसरतो, तेव्हा पिवळा नि काळा दोन्ही थोडे उतरवा.

देवनागरीचं दुखणं वेगळं. बदामीतून पांढरी कोरलेली ७ पॉइंटची अक्षरं तीन प्लेटांवर (दर शाईची एक) अवलंबून असतात. रजिस्ट्रेशन, म्हणजे या प्लेटा एकमेकींवर नेमक्या बसणं, केसभर हललं की अनुस्वार आणि रफार बुजले. काळा मजकूर ओव्हरप्रिंटवर (खालचा रंग न कापता त्यावरच छापलेला) आहे ना, तेही तपासा, नाहीतर अक्षराच्या कडेला पांढरी रेघ उमटते.

आणि प्रूफ (छपाईआधीचा नमुना) पिवळ्या बल्बखाली पास करू नका. त्या उजेडात हिरवट बदामीसुद्धा गोड दिसतो. खिडकीशी न्या, दुपारी, आणि ज्या कागदावर काम छापायचं त्याच कागदावरचं प्रूफ मागा.