जुन्या एअर रायफलच्या सिलिंडरला भोक पाडू नका

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला सोलापुरातल्या तिघांकडून आला. त्याचा मथितार्थ असा: 'जुन्या एअर रायफलला पीप साइट (डोळ्याजवळचं बारीक छिद्र, ज्यातून बघून नेम धरतात) बसवायची तर सिलिंडरला मागे दोन भोकं पाडा, आटे मारा आणि स्क्रू आवळा. छिद्र जितकं बारीक तितका नेम पक्का. चाळिशी उलटली असेल तर मात्र या जुनाट फंदात पडू नका, सरळ स्कोप (नेमाची दुर्बीण) लावा.' पाठवणाऱ्यांपैकी एकानं खाली विचारलं होतं, "दादा, एमआयडीसीत ड्रिल मारून घेऊ का?"

नको मारून घेऊस. बाकीच्या चुका सुधारता येतात, ही येत नाही.

स्प्रिंगच्या जोरावर हवा दाबणाऱ्या एअर रायफलचं सिलिंडर म्हणजे नुसतं बाहेरचं आवरण नव्हे. त्याच्या आत पिस्टन धावतो. रायफल भरताना तो मागे येतो, जवळजवळ तिथपर्यंत, जिथे तुम्ही भोक पाडायला निघालात. भोकाची आतली धारदार कड पिस्टनला ओरबाडते, धातूचा कीस आत राहतो, आणि स्क्रू दोन आटे लांब निघाला की पिस्टन नाहीतर स्प्रिंग त्याला अडते. वेल्डिंगनं भोक बुजवायला जाल तर उष्णतेनं सिलिंडरच वेडंवाकडं होईल. आजोबांच्या हातची बीएसए कंपनीची रायफल अशी कायमची जाते.

आधी सिलिंडरच्या पाठीवर बोट फिरवून बघा. दोन समांतर खाचा लागल्या तर काम सोपं आहे, साइटचा पाया त्यांनाच धरतो. जर्मन रायफलींवर या खाचांची रुंदी साधारण ११ मिमी असते, बीएसएवर १३ मिमीच्या पुढे. साइट घेण्याआधी कॅलिपर लावून मोजा, अंदाजानं आणू नका. खाचा नसतीलच, तर सिलिंडरला बाहेरून कवटाळणारा दोन तुकड्यांचा क्लॅम्प लेथवाल्याकडून करून घ्या आणि आतून पातळ चामडं लावा. रायफलला ओरखडाही उठत नाही.

'आवळलं की झालं' हेही खरं नाही. स्प्रिंगची रायफल दोनदा हलते: पिस्टन सुटताना मागे, आणि तो पुढे जाऊन थांबताना जोरात पुढे. या दुसऱ्या झटक्यात रायफल पुढे सरकते आणि वर बसवलेली वस्तू जागच्या जागी राहू पाहते, म्हणजे हळूहळू मागे घसरते. त्यावर उपाय म्हणजे पायाच्या मागे टेकणारा एक अडकाव. नुसता जोर लावून आवळलं तर खाचेच्या कडा चेपतात.

उंचीबद्दल त्या मेसेजमध्ये चकार शब्द नाही, आणि नवशिक्या नेमका तिथेच हताश होतो. पीप साइटचं छिद्र मूळ नेमाच्या रेषेपेक्षा ६ मिमी वर बसलं, आणि तिथून पुढच्या माशीपर्यंत (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) ६५० मिमी अंतर असलं, तर १० मीटरवर छर्रा ९ सेंटिमीटरहून जास्त वर लागतो. दोष साइटचा नसतो, माशी बुटकी पडलेली असते. ती उंच करा.

आता छिद्राकडे. बारीक म्हणजे पक्का, हे एका मर्यादेपर्यंतच. छिद्र लहान झालं की माशी आणि लक्ष्य दोन्ही एकदम रेखीव दिसू लागतात, पण फारच लहान झालं की प्रकाश आटतो, कडा पसरतात आणि सगळं करडं होतं. मी घरात ट्यूबलाइटखाली १.२ मिमीच्या आसपास राहतो. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्रा पांढरा फटक चमकत असतो, तेव्हा त्याहून थोडं लहान चालतं.

वयाचं म्हणणं तर अगदी उलटं आहे. चाळिशीनंतर डोळ्याला जवळचं धूसर दिसतं, म्हणून साध्या साइटची मागची खाच विरघळल्यासारखी होते. तिथे खाच, माशी आणि लक्ष्य अशा तीन गोष्टी जुळवायच्या असतात. पीप साइटमध्ये छिद्राकडे बघायचंच नसतं, त्यातून बघायचं असतं. उरतात दोन. जुन्या लग्नपत्रिकेला सुईनं भोक पाडा, चष्मा काढा आणि त्यातून वर्तमानपत्र वाचा. मी वडिलांना हे करून दाखवलं तेव्हा त्यांनी ती पत्रिका मला परत दिलीच नाही.

आणि जुनाट? १० मीटर एअर रायफलच्या ऑलिंपिक स्पर्धेत स्कोप चालतच नाही. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रानं सुवर्ण जिंकलं ते अशाच छिद्रातून बघून. तिथल्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत साध्या खाचेनं फुगे फुटतात हे मान्य, पण फुगा कुठे आणि तो ठिपका कुठे. शिवाय स्प्रिंगच्या त्या दुहेरी झटक्यासाठी न बनवलेला स्वस्त स्कोप आतून खिळखिळा होतो.

एका बाबतीत मात्र जपायला हवं. नळी मोडून भरायच्या रायफलीत मूळच्या दोन्ही साइट बहुधा नळीच्याच भागावर असतात, त्यामुळे नळी किंचित वेगळी बसली तरी दोन्ही एकत्र हलतात. पीप साइट सिलिंडरवर येते आणि माशी नळीवरच राहते. सांधा ढिला असेल तर प्रत्येक छर्रा नवी जागा शोधतो. म्हणून साइट विकत घेण्याआधी रायफल रिकामी आणि स्प्रिंग सुटलेली आहे याची खात्री करा, नळी बंद करा आणि तोंडाकडून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघा. केसभर जरी हलली तरी आधी सांध्याचा बोल्ट आणि वॉशर नीट करून घ्या, साइटचे पैसे तोवर खिशातच राहू द्या.