आवड कळायला आधी काम दिसायला पाहिजे
करिअर निवडीवरच्या एका लेखात म्हटलंय की पोरांना आवड विचारा, करिअर आपोआप ठरतं. पण आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात पोराला दिसतं तरी काय, शिक्षक, तलाठी, पोलीस भरती न् बापाची कपाशी, संपलं. माझा भाचा दहावी झाला तं तीन दिवस फॉर्म घेऊन छपरीत बसून होता, ट्रेडच्या, म्हणजे कोणतं काम शिकायचं त्या रकान्यात लिहायचा, खोडायचा, कागद फाटत आला. मामा तुमीच सांगा ना, म्हणे. गाती, क्राउझ आणि ओसिपाव या संशोधकांनी १९९६ मध्ये करिअर ठरवताना येणाऱ्या अडचणींचे तीन गट सांगितले, तयारी नसणं, माहिती नसणं आणि मिळालेल्या माहितीचा मेळ न बसणं. भाच्याचं शेवटचं दोन्ही होतं, काका म्हणे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, बाप म्हणे आयटीआय. मी उपदेश केला नाही, ओळखीच्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं आठ दिवस नुसतं बघायला बसवला. तांब्याची तार गुंडाळताना बघत चहा थंड व्हायचा त्याचा! मग सांगितलं, इलेक्ट्रिशियनचा आयटीआय २ वर्षांचा, तो करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. घरातलं भांडणच मिटलं. शिक्षक मंडळी वाचत असाल तर नववीच्या पोरांना सुट्टीत असं कुठंतरी न्या हो, विचारलं तर दुकानदार नाही म्हणत नाहीत.