गांडूळ मेलं म्हणून जंत मरतीलच असं नाही

१० फेब्रुवारीचा राष्ट्रीय जंतनाशक दिन जवळ आला की मुंबईतल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. शाळेतल्या गोळीने लिव्हर खराब होतं; वावडिंग आणि पपईच्या बिया जंतांना गोळीपेक्षा लवकर मारतात, हे लॅबमध्ये सिद्ध झालंय; आणि झाडपाला असल्यामुळे अपाय नाही, असं त्यात म्हटलेलं असतं. मी फार्मसी शिकवते, त्यामुळे ही ‘लॅब’ मला चांगली माहीत आहे.

आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत ही चाचणी गांडुळांवर होते. काचेच्या बशीत वनस्पतीचा अर्क घ्यायचा, त्यात गांडुळं सोडायची आणि ती किती मिनिटांत निपचित पडतात, किती मिनिटांत मरतात ते लिहायचं. शेजारच्या बशीत तुलनेला अल्बेंडाझोल, म्हणजे शाळेतल्या गोळीतलं औषध. गांडूळ सहज मिळतं, विद्यार्थ्यांच्या हाताला सराव होतो, इथवर ठीक. पण गांडूळ मातीत राहतं आणि ओल्या त्वचेतून श्वास घेतं. त्याला साधं मीठही मारतं. मुलांच्या आतड्यातला गोलकृमी वेगळ्याच कुळातला, जाड आवरणाचा. बशीतला दाट अर्क पोटात गेल्यावर पचतो, पातळ होतो, तो हिशेब वेगळाच. शिवाय अल्बेंडाझोल कृमीला साखर शोषू देत नाही, त्यामुळे तो काही दिवसांत उपासमारीने मरतो. अशा औषधाची घड्याळ लावून मिनिटांत तुलना केली तर ते मागे पडणारच.

पपईच्या बियांची गोष्ट जास्त भक्कम आहे. नायजेरियात ६० मुलांवर झालेला प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. मधातून बियांची पूड घेतलेल्या ३० पैकी २३ मुलांची विष्ठा कृमीमुक्त झाली, नुसता मध घेतलेल्या ३० पैकी पाचांची. हे आशादायक आहे, आणि मला मनापासून वाटतं की असे प्रयोग आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर व्हावेत: औषधाआधी आणि दोन-तीन आठवड्यांनी विष्ठेतली अंडी मोजून, अल्बेंडाझोलच्या बरोबरीने. नायजेरियात तुलना मधाशी होती. गोळी सोडून द्यायला तेवढा आधार पुरत नाही.

‘झाडपाला म्हणून निर्धोक’ हे तर इतिहासालाच धरून नाही. किरमाणी ओव्यातलं सँटोनिन जंतांवर वर्षानुवर्षं दिलं गेलं. त्याने सगळं पिवळं दिसायचं, कधी झटके यायचे, म्हणून ते मागे पडलं. चिनोपोडियम नावाच्या वनस्पतीच्या तेलाने मुलं दगावली आहेत.

राहिलं लिव्हर. ती काळजी हायडॅटिडसारख्या (कृमीमुळे शरीरात गाठी होणाऱ्या) आजारात अल्बेंडाझोल आठवडेच्या आठवडे घेणाऱ्यांची. शाळेत ४०० मिलिग्रॅमची एकच गोळी असते, एक ते दोन वर्षांच्या मुलांना अर्धी. कधी थोडं पोट दुखतं, मळमळतं. पोटात जंत जास्त असले तर अधिक. सामायिक संडासांच्या वस्तीत वाढणाऱ्या, अंगणवाडीत जाणाऱ्या मुलांना या गोळीची सर्वात जास्त गरज आहे, आणि मेसेज वाचून त्यांच्याच आया नाही म्हणतात तेव्हा फार वाईट वाटतं. त्या दिवशी मूल आजारी असेल तर गोळी देऊ नका, बरं झाल्यावर द्या. लिव्हरचा जुना आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.