कागदात कोरलेले चेहरे

अमेरिकेत इमिग्रेशनच्या कोठडीत कुणी दगावलं की 'आयसीई' हे तिथलं इमिग्रेशनचे कायदे राबवणारं खातं एक निवेदन काढतं. नाव, वय, देश, कुठे ठेवलं होतं, मृत कधी घोषित केलं. अशा माणसांचे चेहरे कागदात कोरून त्यांची आठवण जपणारे कलाकार आहेत. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

कोरीव कागद लावून मृतांना आठवायची रीत मेक्सिकोत जुनीच. तिथे या कलेला 'पापेल पिकादो' म्हणतात. प्वेब्ला राज्यातलं सान साल्वादोर हुइशकोलोत्ला हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. पतंगाच्या कागदासारखे पातळ कागद एकावर एक रचायचे आणि छिन्नी-हातोडीने नक्षी पाडायची. १ आणि २ नोव्हेंबरला मृतांसाठी घरोघरी वेदी मांडतात, तिथे या पताका लागतात. चेहरा कोरायचा म्हणजे त्याहून किचकट काम. भुवई, बुबुळ, मिशी, सगळं कुठे ना कुठे उरलेल्या कागदाला धरून राहायला हवं. एक सांधा तुटला तर डोळाच गळून पडतो. त्यामुळे कोरणाऱ्याला त्या चेहऱ्याकडे तासन्‌तास बघावं लागतं. कोठडीत कुणी इतकं लक्ष दिलं असतं तर यातले किती जण आज घरी असते?

हे भावनेच्या भरात लिहीत नाहीये. २०१७ ते २०२१ या काळातल्या ५२ मृत्यूंची कागदपत्रं डॉक्टरांकडून तपासून घेतली गेली. तो अहवाल २०२४ मध्ये आला. योग्य उपचार मिळाले असते तर त्यातले ९५ टक्के मृत्यू टळले असते किंवा टळू शकले असते, असा निष्कर्ष निघाला. २०२५ मध्ये तर वर्षभरातला आकडा तिशीपार गेला. त्याआधीच्या दोन दशकांत इतके मृत्यू कधी झाले नव्हते.

यात आपली माणसंही आहेत. मे २०१७ मध्ये ५८ वर्षांचे एक भारतीय गृहस्थ इक्वेडोरहून अटलांटा विमानतळावर उतरले. कागदपत्रं नव्हती म्हणून धरले गेले. तपासणीत रक्तदाब आणि मधुमेह निघाला. पुढे एकदा साखर तपासताना नर्सच्या लक्षात आलं, यांना धाप लागतेय. मग हॉस्पिटल. विमानातून उतरल्याला आठवडाही झाला नव्हता, आणि ते गेले.

अशा बातम्यांखाली आपलेच लोक लिहितात, "बेकायदा गेले ना, मग भोगा." फार वाईट वाटतं वाचून. अहो, इमिग्रेशनची कोठडी ही कुठल्या गुन्ह्याची शिक्षा नाही. कायद्याने ती दिवाणी स्वरूपाची आहे, निकाल लागेपर्यंत ताब्यात ठेवण्यासाठी. माणसाला कुलपात ठेवलं की त्याच्या औषधपाण्याची जबाबदारी कुलूप लावणाऱ्याची. परदेशी ठरवलेल्यांना जिथे डांबतात त्या आसामच्या डिटेन्शन सेंटरलाही हे तितकंच लागू आहे. तिथे २०१९ मध्ये ताब्यात असताना दगावलेल्या एका माणसाच्या घरच्यांनी त्याचं शव घ्यायला कित्येक दिवस नकार दिला. त्यांचं म्हणणं, परदेशी ठरवलंय ना, मग बांगलादेशात पाठवा.

आयसीईला प्रत्येक मृत्यूचा अहवाल ९० दिवसांत जाहीर करावा लागतो. ते त्यांच्या वेबसाइटवर असतात. एक तरी पूर्ण वाचा, आणि मग खुशाल माझ्याशी वाद घाला.